आठ हॉर्सपॉवर

शनिवारी सकाळी दिघोरी नाक्यावर पेट्रोलचा कॅन भरताना
मागच्या खिडकीतून दोन तोंडं बाहेर:
एक मुनीम, वय चौदा, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू,
दुसरी रबडी, जिनं अजून नदी पाहिलेली नाही
आणि जिचा एक पाय संत्र्यांच्या टोपलीत.

कुहीच्या पुढे रस्ता पाण्याकडे कलतो.
आंभोऱ्याच्या काठाला माझी बोट पालथी झोपलेली,
पत्र्याची, बारा फुटी, निळा रंग फक्त आतून शाबूत.
फागो दिघोरे म्हणाला, "साहेब, इंजिन पोराले दाखवलं होतं.
थो म्हणे प्लग तं बरा हाय, बाकी नशीब पाहून घ्या."

दोरी ओढली. सातव्यांदा खोकलं, आठव्यांदा धरलं.
रबडी पाहून राहिली: जमीन मागे चालली आहे
आणि कोणीच काही म्हणत नाही.
मग तिनं लाट चावली.
पुन्हा चावली.
नाकात पाणी गेलं तेव्हा माझ्याकडे वळून बघितलं,
जसं ते मीच ओतलं होतं.

कन्हानच्या तोंडाशी पाणी जरा काळपट.
आमच्या नंदनवनातल्या मोऱ्या
नागनदीतून रेंगाळत शेवटी इथंच येतात;
म्हणजे माझी मागच्या आठवड्यातली आंघोळ
माझ्याआधी पोचलेली असणार,
कुमुदचं धुणंही.
तिला हे सांगायचं नाही, असं तिथंच ठरवलं.

रात्री काठावर गोवऱ्यांत पानगे भाजले.
पहिला फोडून, फुंकर घालून फागोनं मुनीमपुढे ठेवला,
पाहुण्याला वाढतात तसा.
"हा आमच्याकडचाच नं जी?"
मी हो म्हणालो.
त्यानं पुढे विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.
रबडी रात्रभर टिटवीला उत्तरं देत होती.

रविवारी पंख्यात जलपर्णी अडकली, इंजिन बंद.
शांतता एकदम अंगावर आली.
फागो विळा घेऊन मागच्या काठावर आडवा झाला,
एकेक गाठ कापत राहिला
आणि बोट आपल्याआपण फिरत फिरत गेली
गावावरून.

खाली गाव आहे. मला माहीत आहे,
कारण मोजणी मी केली होती.
घरं एकशे बारा. विहिरी तीन.
आंबे, मोह, खोडाच्या घेराप्रमाणे.
देवळातल्या घंटेचं वजनसुद्धा लिहिलं.
कुत्र्यांसाठी तक्त्यात रकाना नव्हता.
शेवटचा ट्रक गेला तेव्हा ती रस्त्यावर बसली होती,
सगळी एकाच दिशेला तोंड करून.
एक पिल्लू माझ्या जीपखाली.

"इथं आमची हापशी," फागो पाण्यात बघत म्हणाला,
"अन् थो पाहा, चौकातला खांब."
विजेच्या खांबाचं वीतभर टोक,
त्यावर पाणकावळ्यांचा पांढरा सडा
आणि चिनी मातीची एक वाटी, न फुटलेली.
बोट जाऊन त्याला टेकली.

मुनीम उठला.
मागचा पाय त्याचा धड वळत नाही, तरी उठला,
खांबाला नाक लावून
जुनी वही चाळावी तसा बराच वेळ हुंगत राहिला.
मी श्वास धरून होतो.
वाटलं, आता रडेल, गळा काढेल,
काहीतरी मोठं होईल.

त्यानं पाय वर केला
आणि खांबावर मुतला.

फागो इतका हसला की विळा पाण्यात पडला.
"झाली साहेब नोंद," म्हणाला.

उरलेली जलपर्णी हातांनी आणि गाडीच्या किल्लीनं सोडवली.
तासभर गेला.
विळ्याचे दोनशे मी पुढे केले, त्यानं ते मोजून घेतले.

पाचगावला अंधार झाला.
गाडीभर ओल्या केसांचा वास, संत्री एकही धड नाही.
मुनीम झोपेत पाय हलवत होता,
पोहत असेल, नाहीतर पळत.
नंदनवनात शिरताना नाल्यावरचा पूल लागला.
रबडीनं खिडकीतून खाली बघितलं,
नाक वर केलं
आणि ओळखीचं कोणी भेटल्यासारखी
एकदाच भुंकली.